भारद्वाजाचा डबा

"पेढे वाटायला आलात? अहो, इथं सगळी जनावरंच आहेत..."

मी मान वर केली. जनावरांच्या दवाखान्याच्या बाकाशेजारी पोट फुगलेली एक शेळी उभी होती आणि तिच्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला हा. भिजलेला निळा शर्ट, चिखलानं माखलेल्या चपला, आणि डोळ्यांत असं हसू, की डॉक्टर शेळीला नाही, यालाच काहीतरी देतील तर बरं, असं वाटावं.

माझ्या मांडीवर कंदी पेढ्यांचं खोकं होतं. झाकणाला पेनानं भोकं पाडलेलं. मी ते बोटभर उघडून दाखवलं.

आत काळंकुट्ट, अंगावर पांढऱ्या केसांसारखी पिसं पिंजारलेलं एक पिल्लू चोच वासून पडलं होतं. शेळीवाल्याचं हसू मावळलं. दोरी बाकाच्या पायाला बांधून तो उकिडवा बसला आणि पिलाला बोटही न लावता नुसतं वाकून बघत राहिला.

माणूस वस्तू आधी हाताळतो की आधी बघतो, यावरून मी माणसं ओळखते. साताऱ्याच्या एमआयडीसीत तपासणी विभागात आहे मी. दिवसभर यंत्रांचे सुटे भाग मोजायचे आणि तक्त्यात लिहायचे. या निळ्या शर्टाला मी मनातल्या तक्त्यात पहिली बरोबरची खूण दिली.

"कुठं सापडलं?"

"घरासमोरच्या प्लॉटवर. जेसीबीनं झुडपं काढली. घरट्यात तिघं होती... हे एकटंच उरलं. आईबाप दोन दिवस फिरकले नाहीत."

"आणि खायला काय घातलंत?"

"दूधभात. आईनं अगदी मऊ कालवला होता. वर जरासं मेतकूट—"

"मेतकूट!" त्यानं कपाळाला हात लावला. "अहो, भारद्वाज हाय हा! अळ्या, नाकतोडे, गोगलगायी खाणारा. मोठा झाला की उंदीरसुद्धा. शाकाहारी न्हाई हो हा!"

भारद्वाज आहे, एवढं आम्हाला ठाऊक होतं. तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा तो पक्षी नुसता दिसला तरी हातातलं काम होतं म्हणतात. त्यात आमचं गोत्रही भारद्वाज. त्यामुळे आई त्याला पहिल्या दिवसापासून घरचंच माणूस धरून चालली होती. घरचं माणूस म्हणजे दूधभातावर राहणारच!

डॉक्टरांनी पिल्लू तपासलं. इजा नाही, नुसती उपासमार, म्हणाले. त्यानं — नाव विश्वजीत — ओळखीच्या वनरक्षकांना फोन लावला. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि तीन गोष्टी बजावल्या. पंख फुटेपर्यंत सांभाळा. स्वतः शिकार करायला लागला की त्याच दिवशी, सापडला तिथंच सोडा. आणि काही झालं तरी लळा लावू नका.

"कळलं ना?" विश्वजीतनं फोन ठेवत विचारलं. "लळा लावायचा न्हाई."

"कुणाला?" मी विचारलं.

शेळी ओरडली, म्हणून त्याचं उत्तर ऐकायचं राहिलं.

*

आमच्या घरात चातुर्मास कडक. आषाढी एकादशीपासून कांदा, लसूण, वांगं बंद. अशा घरात नाकतोडे येणार म्हटल्यावर आई देवघराच्या दारात आडवी उभी राहिली. शेवटी अण्णांनी वर्तमानपत्रामागून आईला निकाल दिला, "चारुशीला, गोत्र आपलं, आहार त्याचा. गॅलरीत होऊ दे काय व्हायचं ते."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहा चाळीसला फाटक वाजू लागलं. विश्वजीत मागच्याच गल्लीत, प्लॉटच्या पलीकडे, धोंडुबाईंकडे भाड्यानं राहत होता. शेळी त्यांचीच. तो माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत. गाव सांगलीकडं, पलूसजवळ. वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त, आई ऊस आणि भुईमूग बघणारी. हे सगळं आईनं पहिल्या पाच मिनिटांत काढून घेतलं. सहाव्या मिनिटाला तिनं विचारलं, "तुमच्याकडे... खातात ना?"

"खातात की, काकू. पण चातुर्मासात न्हाई. चातुर्मासात फक्त तुमच्याकडंच खातात."

मी तोंड फिरवून हसले. आईनंही फिरवलं, तिच्या खांद्यांवरून कळलं.

तो रोज एक स्टीलचा डबा आणायचा, वर जाळी बांधलेला, आत नाकतोडे आणि अळ्या. पहाटे उठून, धोंडुबाईंच्या सोयाबीनमध्ये गुडघाभर ओलीत उभं राहून धरलेले. भरवायची त्याची रीत बघत राहावी अशी. वडिलांचा जुना लष्करी मोजा हातात चढवायचा, चिमट्यात किडा धरायचा आणि घशात अगदी मागं, पण हलकेच... पिलानं माणसाचा हात ओळखता कामा नये, म्हणून तो मोजा. पाण्याचा थेंबही नाही, किड्यातून मिळतं तेवढं पुरे. पाचव्या दिवशी तो मोजा आमच्या घरी राहिला तर आईनं त्यावर दोन लाल गुंड्या शिवून ठेवल्या.

"डोळे," ती म्हणाली. "आंधळ्या आईकडून कसं जेवेल ते?"

पिलाला माणसाचा आवाजही ओळखीचा व्हायला नको होता. म्हणून गॅलरीत कुजबुजायचं. आणि कुजबुजायचं म्हटलं की जवळ बसावं लागतं. हा नियम वनरक्षकांनी केला, आम्ही फक्त पाळला... मनापासून पाळला.

अडचण डब्याची होती. आपल्याकडे रिकामा डबा परत द्यायचा नसतो. आई दोन नियमांच्या मध्ये अडकली. डबा रिकामा देववेना, आणि किड्यांच्या डब्यात अन्न घालवेना. तेव्हा मी तो धुऊन त्यात खडीसाखरेचा एक खडा टाकला.

"कालचा खडा कुणासाठी होता?" दुसऱ्या दिवशी कानाशी कुजबुज आली.

"डब्यासाठी."

"डबा म्हणाला, गोड होता."

"शी! त्याच डब्यातला खाल्लात?"

"धुऊन."

"डबा, की खडा?"

"दोन्ही. वर चूळ पण भरली."

त्या दिवसापासून रोज एक खडा.

मी एक वही घातली होती. वेळ, काय खाल्लं, किती, वजन. आणि शेवटचा रकाना — स्वतः शिकार. तिथं रोज 'नाही'. विश्वजीत येताच आधी वही वाचायचा, मग पिल्लू बघायचा, मग मला. मी हा क्रम मनात टिपून ठेवला होता. दहाव्या दिवशी तो उलटा झाला, तेही टिपलं.

बाराव्या दिवशी शेजारच्या अंबूबाई ओवाळायचं ताट घेऊन भारद्वाजाच्या दर्शनाला आल्या. विश्वजीतनं त्यांना दारातच हात जोडले. "मावशी, कधीतरी दिसतो म्हणून तो शुभ. रोज दिसला तर कोंबडी न् तो सारखाच." अंबूबाई पटकन वळल्या. त्याच दिवशी आई त्याला 'अहो विश्वजीत' वरून 'अरे विश्वजीत' वर आली. या माणसाचं हेच मला आवडत गेलं. तो कुणालाही दुखवत नसे, आणि नियम मात्र तसूभर सोडत नसे.

म्हणून पुढं मी जे केलं, ते जास्तच टोचतं.

*

एकोणिसाव्या दिवशी पिल्लाच्या पंखांवर विटकरी रंग चढला होता. मी कुंड्यांना पाणी घालत होते. तुळशीवर एक नाकतोडा बसला. पिल्लू थबकलं, मान तिरकी केली आणि... टप्! गिळून मोकळं.

मी वही उघडली. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं. 'हो' लिहिलं की हा आजच जाणार. हा गेला की उद्या सहा चाळीसला फाटक वाजायचं कारण काय?

मी लिहिलं — नाही.

पाच वर्षं नोकरी केली, अर्ध्या मिलिमीटरचंही खोटं लिहिलं नव्हतं. आणि इथं तीन दिवस ओळीनं. नाही. नाही. नाही.

विश्वजीत वही वाचायचा आणि त्याच्या कपाळावर आठी यायची. "अजून न्हाई? मग जिवंत सोडून बघू. लहान गोगलगायी पण आणतो." तो आणखी लवकर उठू लागला. त्याच्या मनगटांवर घाणेरीचे ओरखडे दिसू लागले. "ज्ञानदा, आता उशीर लय वाईट. चारपाच दिवस जरी जास्त राहिला ना, तर हा माणसाचाच होऊन बसंल. मग बाहेर टिकत न्हाई."

मी मान हलवली. संध्याकाळी फाटक वाजलं, अण्णा आले होते, आणि पिल्लू कोपऱ्यात दडायचं सोडून टुणटुणत गॅलरीच्या दाराशी आलं. अण्णा कौतुकानं हसले. फाटकाच्या आवाजाला मी एकटीच धावत नव्हते तर... उद्या खरं सांगायचं, ठरवलं.

पण दुसऱ्या दिवशी आईनंच मला आधी गाठलं. नारळी पौर्णिमेची सकाळ. विश्वजीत वही हातात घेतो न घेतो तोच ती गॅलरीतून सहाण घेऊन आली.

"अरे विश्वजीत, बघ हे! देवाचं गंध उगाळायची सहाण, धुऊन वाळत ठेवली तर तुझा ऋषी परवापासून हिच्यावर गोगलगायी आपटून फोडतोय! कवचांचा नुसता चुरा!"

त्यानं सहाणेकडे पाहिलं. मग वहीकडे. मग माझ्याकडे.

"परवापासून?"

"चार दिवस झाले," मी म्हणाले. "आधी नाकतोडा. मग गोगलगाय."

"मग हे 'नाही'?"

आई समोर होती. अण्णांचं वर्तमानपत्र खाली आलं होतं. कुजबुजायचीही सोय नव्हती.

"हा गेला की... डबा यायचा बंद झाला असता."

तो हसेल असं वाटलं होतं मला. तो हसला नाही. "माझ्याशी खेळली असतीस तर चाललं असतं गं," हळू आवाजात म्हणाला. "हा खेळ त्याच्या जिवाशी झाला."

पहिल्यांदा 'तू' म्हणाला, आणि तेही असं.

तासाभरात आम्ही प्लॉटच्या कडेला होतो. ओढ्याकाठी झुडपांची एक पट्टी अजून शाबूत होती. त्यानं खोकं आडवं ठेवलं आणि मागं सरकला. पिल्लू बाहेर आलं, ओल्या गवतात दोन पावलं टाकली, मान तिरकी करून आमच्याकडे पाहिलं. आता वळतंय की काय... ते वळलं नाही. खाली वाकलं, पळालं, आणि घाणेरीत शिरून दिसेनासं झालं.

विश्वजीत तडक निघून गेला. राखीसाठी त्याला आज गावी जायचं होतं. डबा आमच्याकडेच राहिला.

*

घरी आले तर आई डबा चिंचेनं घासत होती. एकदा, दोनदा, मी मोजलं, सात वेळा. मग तिनं त्यात वाफाळता नारळीभात भरला. किड्यांच्या डब्यात! चातुर्मासात!

"बघतेस काय? जा, देऊन ये. रिकामा द्यायचा नसतो."

मी वही उघडली. आमच्या खात्यात चुकीचा आकडा कुणी खोडत नाही. त्यावर एक सरळ रेघ मारायची, वर खरा लिहायचा आणि बाजूला सही करायची; म्हणजे चूकही दिसते आणि चुकणाराही. तीन 'नाही'वर मी रेघा मारल्या. वर लिहिलं — हो, हो, हो. तीन सह्या केल्या.

धोंडुबाईंच्या अंगणात तो गाडी चालू करायच्या बेतात होता. मी डबा आणि वही पुढं केली. त्यानं वही वाचली. तीनही सह्यांवरून बोट फिरवलं. बराच वेळ.

मग पिशवीत हात घालून त्यानं प्लास्टिकच्या लहान लहान पिशव्यांची एक माळच काढली. मातीच्या नमुन्यांना लावतात तशा, प्रत्येकीला चिठ्ठी, प्रत्येकीत खडीसाखरेचा एक खडा. 'नमुना क्रमांक दोन. ठिकाण — गॅलरी. किती खोलवरून घेतला — मोजता आलं नाही.' नमुना तीन. नमुना चार. थेट एकवीसपर्यंत.

"पहिला तेवढा खाल्ला," तो म्हणाला. "बाकीचे खायचं धाडस होईना."

मी खडे मोजले, बरोबर वीस. हिशेबी माणसाला हिशेबी माणूस भेटला की असंच होत असावं.

"आता पलूसला गेलो की आई विचारणार. दर राखीला विचारते, कुणी बघून ठेवलीस का रं. काय सांगू?"

"सांगा... खोटं लिहिते."

"आणि?"

"सही करते."

आता मात्र तो हसला. पहिल्या दिवशी शेळीच्या मागून हसला होता, तसा.

"आवं, बगा, बगा!" गोठ्यातनं धोंडुबाई ओरडल्या. प्लॉटच्या कुंपणाच्या खांबावर एक भारद्वाज बसला होता, विटकरी पंख उन्हाला पसरून. आमचाच की दुसराच, कुणास ठाऊक. आमच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही, आणि तेच किती बरं वाटलं. धोंडुबाईंनी हात जोडले. "निगताना भारद्वाज दिसला. काम हुतंय बगा तुमचं! काम तरी काय हाय म्हनायचं?"

"ते आईला आधी सांगतो, मावशी," विश्वजीत म्हणाला, पण बघत माझ्याकडे होता. डबा त्यानं पिशवीत सगळ्यात वर, जपून ठेवला. "परवा येतो. सहा चाळीसला."

"या," मी म्हणाले. "डबा मात्र रिकामा आणू नका."

"आणणार न्हाई," तो म्हणाला. "आईलाच घेऊन येतो डब्याबरोबर."