हिरवी खूण आणि तिजोरीतली डिस्क

"कोणी हात लावला कॉम्प्युटरला? लाल पाटी कुठून आली ही?" नेमीचंदकाकांचा आवाज चढला.

पलक चटकन कॉम्प्युटरपासून मागे सरली. धुळ्याहून सुट्टीला आल्या आल्या तिने आणि चुलतभाऊ संयमने काकांच्या चाळीसगावच्या फोटो स्टुडिओत ठाण मांडलं होतं. बॅकअपच्या सॉफ्टवेअरचं अपडेट काका रोज पुढे ढकलायचे. ते सकाळी या दोघांनी चालू केलं होतं.

"काकासा, आम्ही फक्त अपडेट केलं," संयम पुटपुटला.

"कालपर्यंत रोज हिरवी खूण यायची. बिघडवलंत ना?"

"राहू द्या हो," कॉम्प्युटर दुरुस्त करणारा ललित हसला. "मशीन रडतखडत चालतंय. सगळं पुसून नव्याने भरतो. बॅकअप आहेच."

लाल पाटीवर 'बॅकअप झाला नाही' एवढंच होतं. पलकने घाईघाईने अपडेटची माहिती उघडली आणि तिचे डोळेच विस्फारले. डिस्क जोडलेली नसली तरी जुनं सॉफ्टवेअर 'बॅकअप पूर्ण' म्हणायचं, ती चूक आता सुधारली आहे, असं तिथे चक्क लिहिलं होतं. ती टेबलामागे वाकली. तिथे डिस्कची वायरच नव्हती.

"काकासा, डिस्क कुठाय?"

"तिजोरीत. दिवाळीला पूजेत मांडली होती. साऱ्या धंद्याची लक्ष्मी ती, परत वायरींच्या जंजाळात कशाला टाकू?"

"दिवाळीपासून तिथेच आहे?" पलक ताडकन उठली. "मग सुनंदाबाईंच्या मुलीचं लग्न?"

काका मटकन खुर्चीत बसले. ते लग्न दिवाळीनंतरचं, काकांनीच चित्रित केलेलं. होळीच्या सुमारास सुनंदाबाईंचे यजमान जीवरामभाऊ गेले. त्यांचा हलता-बोलता व्हिडिओ तेवढा एकच, आणि तो न्यायला त्या आज संध्याकाळी येणार होत्या.

ललितचं बोट मात्र सगळं पुसायच्या बटणाकडे चाललं होतं. पलकने झडप घालून त्याचं मनगटच धरलं.

"ललितदादा, थांब! व्हिडिओ फक्त याच मशीनमध्ये आहे."

संयमने तिजोरीतून लाल कापडात बांधलेली डिस्क आणली. तिच्यावर कुंकवाचं बोट तसंच होतं. जोडून पाहिली, तर दिवाळीनंतरचं एकही लग्न तिच्यात नव्हतं. ललित कॉम्प्युटरपासून दूर सरकला.

"मी विचारायला हवं होतं," तो कसाबसा म्हणाला.

दुपारभर मशीन कुंथत होतं, पण सगळे व्हिडिओ डिस्कवर उतरले. पलकने एकेक उघडून पाहिला, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी काकांनी सुनंदाबाईंना काहीही न लपवता सांगितलं. "माझ्या हातून घात झाला असता, अक्का. या पोरांनी लाज राखली. आता बॅकअपचं यांनी शिकवायचं आणि मी शिकायचं."

सुनंदाबाईंना त्यातलं फारसं कळलं नसावं. पडद्यावर जीवरामभाऊ कोणाला तरी जेवायला ओढून नेत होते. आवाज नीट ऐकू यावा म्हणून काकांनी पंखा बंद केला.

"त्या हाशी राह्यनात, देख," पडद्यावरच्या हसऱ्या यजमानांकडे बोट करत सुनंदाबाई अहिराणीत हळूच म्हणाल्या. व्हिडिओ संपला, तरी त्या उठल्या नाहीत. पलकचा हात घट्ट धरून, पुन्हा पडद्याकडे बघत म्हणाल्या, "आखो एकदाव लाव ना, बेटा."