तिसऱ्या अंकातली शांतता

मध्यंतराला गरम वड्यांचा वास रंगपटापर्यंत पोचला की बाबीकाका कामाला लागत. ऋजुताच्या कानांमागची जागा ते स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत, कातडीच्या रंगाची एकेक पातळ पट्टी तिथं चिकटवत आणि वरून केस ओढून तिच्या भूमिकेचं, सगुणेचं, कुंकू जरासं फिसकटून देत. उभा जन्म नटांना दाढ्यामिशा चिकटवण्यात गेलेला हा माणूस. आता तो दुःख चिकटवत होता आणि त्याचंही त्याला काही वाटेनासं झालं होतं.

त्या पट्टीला भावपट्टी म्हणत. एका माणसाची नाडी, श्वासाची लय, घशातला आवंढा, मेंदूत उठलेल्या लहरी असं सगळं एकदा टिपून ठेवलं की पट्टी ते दुसऱ्याच्या अंगात जसंच्या तसं जागवत असे. मूळ माणसाची आठवण मात्र त्यात येत नसे. गेलेल्याचा चेहरा दिसत नसे, नाव कळत नसे, काळीज तेवढं तसंच तुटत असे. शोध लागला तो लकव्याच्या रोग्यांसाठी. पण रोग्यांच्या आधी तो नाटकवाल्यांनीच पळवला, आणि यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

ऋजुता भोकरे ज्या पट्टीवर ‘नावदोर’चा तिसरा अंक करी, ती नंदिनी सावर्डेकरांची होती. नाटकातली सगुणा ही नावाडीण. पुराच्या लोंढ्यात गच्च भरलेली नाव वाचवायला ती कोयत्यानं दोर तोडते, आणि तिचा स्वतःचा मुलगा काठावरच राहतो. तिसऱ्या अंकात गाव तिची ओटी भरायला येतं, तेव्हा ती म्हणते, “दोर मी तोडला. हात कुणाचा सुटला, ते नदीला विचारा.”

पंचवीसएक वर्षांपूर्वी सांगलीच्या नाट्यगृहात नंदिनीताई सगुणा करत होत्या. संशोधकांच्या चाचणीसाठी त्यांच्या अंगावर तारा लावलेल्या होत्या. मध्यंतरात पुण्याच्या इस्पितळातून फोन आला. सकाळी खिमट खाऊन उठून बसलेला त्यांचा मुलगा ओजस गेला होता. प्रयोग थांबवायचा नाही, ही आपल्याकडची जुनी शिस्त. शिस्त म्हणा की खोड, नंदिनीताई तिसऱ्या अंकाला उभ्या राहिल्या. ते वाक्य झालं आणि नाट्यगृहात अशी शांतता पडली की पंख्यांची घरघर ऐकू येत होती, असं त्या रात्रीचे प्रेक्षक अजून सांगतात. त्यानंतर त्यांनी तोंडाला रंग लावला नाही. आणि तेव्हापासून नाटकमंडळीत प्रथाच पडली की पहिल्या घंटेला सगळ्यांचे फोन बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जायचे आणि पडदा पडल्यावरच बाहेर यायचे.

ती पट्टी लावून पुढे तिघी गाजल्या. एक जण ते वाक्य प्रेक्षकांकडे पाठ करून म्हणे. नागपूरची एक जण कुजबुजे, आणि ते शेवटच्या रांगेला पोचे. तिसरी एकदा पणजीला कोसळली, तेव्हा लोकांना वाटलं की ते नाटकातलंच आहे. चौथी ऋजुता. गावोगाव हाऊसफुल्लचा बोर्ड, वर्तमानपत्रांतून कौतुक, आणि तिला एकीकडे सारखं वाटे की आपण आयत्या पिठावर रेघोट्या ओढतोय.

पण तिला खात होतं ते वेगळंच. दुःख अंगावर येई, पुरासारखं येई, त्याचं काही नाही. वाक्य संपून शांतता पडली की मात्र त्या दुःखाच्या तळाशी तिला चक्क आनंद होई. लख्ख, लहान मुलासारखा आनंद. दुसरीचं पोर गेलं आणि आपण त्यावर खूश होतो! ही गोष्ट तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

त्या दिवशी सांगलीच्या त्याच नाट्यगृहातल्या प्रयोगाला बाबीकाकांनी नुकता बोळा हातात घेतला होता, तोच रंगपटाच्या दारात एक उंच, पांढऱ्या केसांची बाई उभी राहिली.

“बाबी, दोन मिनिटं बाहेर थांब रे.”

बाबीकाकांच्या हातातून बोळा पडला. “नंदिनीताई!” एवढंच म्हणून ते बाहेर गेले.

ऋजुता पाया पडायला वाकली. “राहू दे, रंग फिसकटेल,” ताई म्हणाल्या. “पहिले दोन अंक तुझे होते, छान झाले. आता माझा लागेल. त्याआधी एक विचारायचंय. वाक्य संपतं, सगळे गप्प होतात. तेव्हा तुला काय वाटतं?”

“दुःख.”

“नुसतं?”

ऋजुता खाली बघू लागली.

“तुझ्याआधीच्या तिघींनाही मी विचारलं. तिघींनी दुःख म्हणूनच सांगितलं. आणि अशाच खाली बघत सांगितलं.”

“आनंद होतो, ताई.” ऋजुता बोलून गेली. “मला क्षमा करा. मी फार नीच आहे. तुमच्या मुलाच्या...”

नंदिनीताई कपड्यांच्या ट्रंकेवर बसल्या.

“तो तुझा नाही गं,” त्या म्हणाल्या. “माझा आहे. पट्टीत आलाय. पोर गेल्याचं कळून काही मिनिटं झाली होती, आणि मी मनात म्हणत होते, वा, काय रंगलाय आजचा प्रयोग! ही पट्टी मी द्यायला कबूल का झाले? कुणीतरी येऊन सांगावं की तसलं काही नव्हतं, तुम्हाला भास झाला. एवढ्यासाठीच वाट बघत होते. आज तू खरं सांगितलंस.”

ऋजुताला वाटलं, आपण या बाईला आज दुसऱ्यांदा त्या फोनपाशी नेऊन उभं केलं. खोटं बोललो असतो तर काय बिघडलं असतं? ती उठली आणि तिनं दार उघडलं.

“बाबीकाका, आज पट्टी नको.”

“अगो, वेड लागलं काय तुला? केंजळे सरांना काय सांगू?” केंजळे सर म्हणजे नाटकाचे दिग्दर्शक, आणि फार तापट.

“सांगा, चिकटत नाही म्हणून.” मग ती नंदिनीताईंकडे वळली. “ताई, खुर्चीत जाऊन बसा. तो आनंद खरा कुणाचा ते आज बघू.”

तिसरा अंक अडखळतच सुरू झाला. पुराची वाट बघावी आणि नदी कोरडी निघावी तशी तिची गत झाली. श्वास कुठे घ्यायचा ते आठवेना, आवाज चिरका लागला. प्रेक्षकांत खोकले सुरू झाले, कुणीतरी चिवड्याची पिशवी उघडली. गाव ओटी घेऊन समोर आलं आणि ऋजुताच्या हाती काहीच नव्हतं. मग तिनं कधी न केलेली गोष्ट केली. घरी आजीपाशी असलेल्या आपल्या चार वर्षांच्या मिहीला तिनं मनातल्या मनात त्या काठावर उभं केलं. पिवळा फ्रॉक, एका पायात चप्पल. आणि दोर तोडला.

“दोर मी तोडला. हात कुणाचा सुटला, ते नदीला विचारा.”

खोकले थांबले. पंखे ऐकू आले. आणि पोटातून, सावकाश, तोच आनंद वर आला. आज पट्टी नव्हती, दोष द्यायला दुसरी बाई नव्हती. ऋजुताला स्वतःची भीती वाटली, आणि त्या भीतीनंसुद्धा तो आनंद जराही कमी झाला नाही.

पडदा पडल्यावर नंदिनीताई आत आल्या. “पट्टी खरंच नव्हती ते दुसऱ्याच वाक्याला कळलं,” त्या म्हणाल्या. “आला?”

“आला, ताई.”

ताईंनी डोळे मिटले. त्यांचे खांदे खाली आले. “म्हणजे मी एकटीच नव्हते,” त्या पुटपुटल्या, आणि तिथंच, रंगपटात सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडू लागल्या. बाबीकाकांनी पाणी आणलं. ऋजुतानं त्यांचा हात धरून ठेवला. तिला वाटलं, चला, आजच्या दिवशी निदान एक तरी चांगलं काम आपल्या हातून झालं.

रडणं ओसरल्यावर ताईंनी पदरानं तोंड पुसलं. “काठावर कुणाला उभं केलंस?”

तेवढ्यात बाबीकाकांनी फोनचा डबा पुढे केला. ऋजुतानं झाकण ओढलं आणि आपला फोन काढला. आईचा निरोप होता, मध्यंतराच्या सुमाराचा. मिही वरणभात खाऊन झोपली, काळजी करू नको.

ऋजुतानं तो वाचला, पुन्हा वाचला, ताईंना दाखवला आणि फोन छातीशी धरला. नंदिनीताई तिच्याकडे बघत होत्या. रागानं नव्हे, आईनं लेकीकडे बघावं तशा.

“झोपली ना? चांगलं झालं,” त्या हलकेच म्हणाल्या. “आता मला सांग, बाळ. हा डबा बाबीनं मध्यंतरातच उघडून दिला असता, निरोप दुसराच असता, आणि तिसरी घंटा झाली असती, तर तू काय केलं असतंस?”