फ्रिजमधल्या दोन कुप्या

"केतकी, ह्यांचा फोन आला होता. ओठांना मुंग्या येतायत म्हणाले, जीभ जड झालीये म्हणाले, आणि मग नुसती घरघर. तू जा गं आधी. मी रिक्षात बसतेय."

सुमित्राकाकूंचा आवाज इतका कापत होता की एसीपी केतकी सरदेशमुख यांनी चहा तसाच टाकला आणि जीप काढायला सांगितली. फरीदाबादच्या महाराष्ट्र मंडळात केतकीची काकूंशी ओळख झाली होती. काका, म्हणजे डॉ. उल्हास देवस्थळी, केतकीच्या ऑफिसपलीकडच्याच संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते.

काका प्रयोगशाळेत खुर्चीशेजारी पडले होते. हात हलत नव्हते, मान हलत नव्हती. छाती जेमतेम वरखाली होत होती. डोळे मात्र उघडे होते. केतकी डावीकडे सरकली की ते डावीकडे वळत, उजवीकडे सरकली की उजवीकडे. आत माणूस पुरता जागा होता. बारा वर्षांच्या नोकरीत केतकीने मुडदे पुष्कळ पाहिले होते, पण त्या डोळ्यांची तिला सरळ भीती वाटली.

अँब्युलन्स त्यांना घेऊन गेली. टेबलावर काकूंनी सकाळी भरून दिलेला कॉफीचा थर्मास उघडा होता आणि शेजारी अर्धा रिकामा कप.

"माशाचं विष आहे, मॅडम," दारातून चैतन्य म्हणाला. वाशीमकडचा हा मुलगा काकांच्या हाताखाली पीएचडी करत होता आणि दिल्लीत मुनिरक्याला खोली घेऊन राहत होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "आम्ही प्रयोगाला वापरतो. त्यानं स्नायू बंद पडतात. डोकं चालू राहतं."

"कसला प्रयोग?"

"नसेच्या पेशीभोवती चरबीचा पातळ पडदा असतो. त्यात आयन आत-बाहेर सोडणारी दारं असतात. ती प्रथिनांची असतात असं सगळी पुस्तकं सांगतात. सर म्हणतात, दरवेळी दाराची गरज असतेच असं नाही. ठरावीक तापमानाला पडदा वितळायला लागला की त्या पृष्ठभागात आपोआप भोकं पडतात, आणि आमच्या यंत्राला ती अगदी दारांसारखी दिसतात."

"आणि विष कशाला?"

"विष सोडियमची दारं बुजवतं. ते घालूनही आयनांचा प्रवाह चालूच राहिला, तर तिथं दार नव्हतंच."

विषाचा फ्रिज कुलपात असे. किल्ल्या तिघांकडे होत्या: काका, चैतन्य आणि डॉ. परीक्षित. हे परीक्षित काकांचे सहकारी, काकांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, चांगले नावाजलेले; कुप्या मात्र काका आणि चैतन्यच हाताळत. इन्स्पेक्टर दहियांनी सगळ्यांसमोर फ्रिज उघडला. आत दोन खाचांची एक लाकडी पट्टी होती. खाचांखाली काकांच्या अक्षरात चिठ्ठ्या डकवलेल्या होत्या. 'संहत' लिहिलेल्या खाचेत कुपी होती. 'विरल' लिहिलेली खाच मोकळी होती.

"मराठी में लिखा है," दहिया पुटपुटले. "चोर भी मराठी ही होगा, मैडम."

"काका मराठीत का लिहायचे?" केतकीने विचारलं.

चैतन्यला कसंबसं हसू आलं. "सर म्हणायचे, शाळेतले शब्द वापरले नाहीत की गंजतात."

तेवढ्यात दहियांनी एक बातमी काढली. काकांनी गेल्या महिन्यात चैतन्यचा प्रबंध अडवला होता आणि भर व्हरांड्यात त्याच्यावर ओरडले होते. पोर मान खाली घालून उभं होतं. "माझी आकडेमोड चुकली होती," एवढंच तो म्हणाला. दहियांच्या लेखी तिथेच निकाल लागला होता.

केतकीने परीक्षितना त्यांच्या केबिनमध्ये गाठलं. माणूस रुबाबदार होता, पण पेन सारखं या हातातून त्या हातात चाललं होतं.

"आपण दिल्लीचेच?"

"बिल्कुल. पैदाइशच आर. के. पुरमची, बाबा सेंट्रल गव्हर्नमेंटमध्ये होते. पण घरी मराठीच हं, मॅडम. आई हिंदी बोलूच द्यायची नाही."

"काकांशी भांडण?"

"अजिबात नाही. आमचा पेपर एकत्र आहे."

"चैतन्य सांगत होता तो, नव्या दाराबद्दलचा? काकांच्या प्रयोगानं ते दार खोटं ठरलं असतं का?"

पेन थांबलं. "सायन्समध्ये असं चालतंच, यार... सॉरी, मॅडम. सर सोमवारी पेपर मागे घ्यायचं म्हणत होते. मी समजावत होतो."

"फ्रिजमधून कुपी कोणी नेली असेल?"

"मला कुणाचं नाव घ्यायचं नाही. पण बघा ना, दोनातली नेमकी रेअर तीच उचलली. म्हणजे घेणाऱ्याला सरांचं मराठी नीट वाचता येत होतं. तो मुलगा गावाकडून मराठी शिकूनच आलाय."

केतकीने मान डोलावली. चैतन्यवरचा संशय तिला आवडत नव्हता, पण तो दिवसभर दाट होत चालला होता.

मग इस्पितळातून फोन आला, आणि तिने आयुष्यातली एक मोठी चूक केली. आनंदाच्या भरात तिने बातमी व्हरांड्यात मोठ्याने सांगून टाकली. "वाचतील! विष पुष्कळ पातळ होतं म्हणतायत. श्वासाच्या यंत्रावर ठेवलंय. उद्यापर्यंत उतरेल आणि बोलायलाही लागतील."

चैतन्य भिंतीला टेकून रडायला लागला. परीक्षितांचा चेहरा पांढरा पडला. "पातळ?" ते म्हणाले. "थँक गॉड." केतकीला वाटलं, सुटकेने पडला असेल. दोघेही इस्पितळात जातो म्हणाले, आणि तिने जाऊ दिलं.

थोड्या वेळाने दहिया जवळजवळ धावत आले. सील लावायला फ्रिज पुन्हा उघडला होता आणि आता दुसरी खाचही मोकळी होती.

पहिल्यांदाच सील का लावलं नाही? हा प्रश्न पुढे केतकीला कित्येक दिवस छळणार होता, पण आत्ता वेळ नव्हता. उरलेली कुपी इस्पितळाच्या वाटेवर होती. तिथे एक माणूस डोळे उघडे ठेवून पडला होता. त्याला ओरडता येत नव्हतं, बोटही हलवता येत नव्हतं.

"लौंडा ही है, मैडम," जीप चालवता चालवता दहिया म्हणाले. "मराठी मीडियम वाला."

आयसीयूचा फोन कोणी उचलत नव्हतं. चौकात ट्रक आडवा आला होता. दिवसाढवळ्या धुरकं इतकं दाट होतं की पुढची गाडी दिसत नव्हती. केतकीने फोन पुन्हा लावला. मराठी मीडियम. ती स्वतःही मराठी मीडियमचीच होती, उदगीरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेची. आठवीचं विज्ञान, गुरुजींचा खडू, फळ्यावर दोन चंचुपात्रं...

"दहियाजी," ती एकदम म्हणाली, "फुटपाथ पर चढ़ा दो."

चैतन्य आयसीयूच्या बाहेर बाकावर काकांच्या कपड्यांची पिशवी घेऊन बसला होता. केतकी त्याच्याकडे न बघता आत शिरली. काकू पायाशी उभ्या होत्या. उशाशी परीक्षित बसले होते.

"हात वर करा. दोन्ही. उठू नका."

"मॅडम, ये क्या मज़ाक है?"

"एका शब्दाचा अर्थ सांगा. विरल म्हणजे काय?"

परीक्षित हसले. "रेअर. दुर्लभ."

"आणि संहत?"

हसू तसंच राहिलं. "काहीतरी... एकत्र केलेलं. मिक्स?"

"चैतन्य, तू सांग."

दारात आलेला चैतन्य गोंधळून म्हणाला, "विरल म्हणजे डायल्यूट, मॅडम. पाणी घालून पातळ केलेलं. संहत म्हणजे कॉन्सन्ट्रेटेड. विरल आम्ल, संहत आम्ल. आठवीत असतं."

"असतं," केतकी म्हणाली. "मराठी शाळेत. घरी आईशी बोलून हे शब्द येत नाहीत, आणि हिंदीत विरल म्हणजे दुर्मिळ. मारायला निघालेल्या मराठी शाळेतल्या मुलानं संहत उचललं असतं आणि काका त्या खुर्चीतच गेले असते. खुन्यानं विरल उचललं, कारण त्याला ते मौल्यवान, जहाल वाटलं. परीक्षित, 'नेमकी रेअर' असं तुम्हीच मला म्हणालात. मी तेव्हा ऐकून सोडून दिलं."

"हा पुरावा झाला? त्यानं मुद्दाम कमी घातलं असेल!"

"मग पुन्हा फ्रिज कशाला उघडला? कोणती कुपी जहाल, हे चैतन्यला पहिल्यापासून माहीत होतं. ते कोणाला नव्याने कळलं? मी व्हरांड्यात 'पातळ' म्हणाले तेव्हा ज्याचा चेहरा उतरला त्याला. उद्या काका बोलले असते. कॉफी ओतताना खोलीत कोण होतं हे सांगितलं असतं, सोमवारी पेपर मागे गेला असता, आणि तुमचं दार कधी नव्हतंच हे जगाला कळलं असतं. अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालात, डॉक्टर. दहियाजी, जेबें देखिए."

कोटाच्या आतल्या खिशात कुपी होती. ती रिकामी होती. तिच्यातलं सगळं शेजारच्या सिरिंजमध्ये भरलेलं होतं, आणि सुईवरचं टोपण काढलेलं होतं.

परीक्षितांनी आरडाओरडा केला नाही. "वीस वर्षं घातली मी त्या दारात, मॅडम," एवढंच ते म्हणाले, आणि दहियांबरोबर चालू लागले. चैतन्य भिंतीशी खाली बसला. आपण किती थोडक्यात वाचलो हे त्याला आत्ता कळत होतं.

काकू मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. "केतकी," त्या म्हणाल्या, "मघापासून तो ह्यांच्या कानाशी वाकून मराठीत बोलत होता. मला इतकं बरं वाटलं गं. म्हटलं, परक्या मुलखात ह्यांच्या कानावर आपली भाषा तरी पडतेय. मी सिस्टरला सांगून त्याला जवळ बसवून घेतलं."

केतकीने काकूंचा हात घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांच्या घशातली नळी काढली. आवाज फाटका येत होता. काकूंनी चमच्याने पाणी पाजलं आणि रात्रभर गिळून ठेवलेला प्रश्न विचारला.

"तो काय बोलत होता हो तुमच्याशी?"

काकांनी चमचा बाजूला सारला.

"माफी मागत होता," ते म्हणाले. "पुन्हापुन्हा. मनापासून मागत होता, सुमित्रा. आणि माझ्या सलाइनची नळी त्याच्या हातात होती."