मधल्या नळीचं पाणी

गॅरेजजवळच्या नळीतून वर काढलेल्या पाण्यावर पेट्रोलचा थर तरंगत होता. गुरुदत्तने बाटली उन्हात धरली. मागच्या आठवड्यात इथलं पाणी नितळ होतं.

"बघा! मी बोललो होतो ना?" मागून गावातले दाजी गरजले. "गॅरेजवाल्यानंच गावाची विहीर नासवली!"

कर्नाळ्याकडून उतरत येणाऱ्या त्या जमिनीवर सर्वांत वर बुधाजीचं गॅरेज, खाली महामार्गालगत पेट्रोलपंप आणि त्याखाली गावाची विहीर. तिच्या पाण्याला पेट्रोलचा वास यायला लागला, म्हणून भूजल खात्याने गुरुदत्तला पनवेलला धाडलं होतं. त्याने तीन बोअर मारून नळ्या उभ्या केल्या. एक गॅरेजजवळ, एक पंपाजवळ, एक मध्ये, दाजींच्या अंगणात. पंपाजवळच्या नळीत पहिल्याच दिवशी पेट्रोल लागलं. मधलीचं पाणी आज सकाळीही स्वच्छ होतं. आणि आता ही गॅरेजजवळची!

त्याने झाकण लावलं. नळीचं तोंड पुसलेल्या फडक्यालाही पेट्रोलचा वास मारत होता. झाकणाखालचा केशरी टिळा मात्र ताजा दिसत होता.

बुधाजीला गावकऱ्यांनी त्याच्याच शेडमध्ये कोंडून बाहेरून कडी घातली होती. गुरुदत्तला त्यांनी पंपाच्या केबिनमध्ये नेऊन बसवलं आणि दार अडवलं.

"गॅरेजचं नाव लिवा, मंग जावा," दाजी म्हणाले. "कागद हातात पडला की त्याची शेड पाडतो आमी."

पंखा बंद होता. खिडकीच्या गजांना माणसं चिकटली होती. पंपाचा मॅनेजर स्वानंद चहा घेऊन आला. कपाळावर सकाळच्या पूजेचा टिळा, आवाज मऊ.

"लिहून टाका साहेब. तुम्ही सुटाल, आम्हीही सुटू."

गुरुदत्तने पेन उघडलं. लिहिलं तर सुटका होती. पण ते खरं होतं का? तो उगाच लक्ष्मीच्या तसबिरीकडे, तिच्यापुढच्या अष्टगंधाच्या वाटीकडे बघत राहिला.

खिडकीशी बुधाजीची बायको, कमळाबाई, गर्दीत घुसली. "साहेब, तिनी नळ्यांना मीच हळदकुंकू लावलं ना? त्या पान्याला आमीच नासवू?"

गुरुदत्तने पेन मिटलं.

"दाजी, तुमच्या अंगणातल्या नळीला कोणी हात लावला?"

"कोन लावल? म्हातारी दिवसभर दारात बसते. कावळा फिरकत नाय."

"तिचं पाणी?"

"चांगलं हाय. तुमीच दावलंत."

"मग गॅरेजचं पेट्रोल खाली पंपाकडे गेलं कसं? तुमच्या अंगणाला वळसा घालून?"

कोणीतरी फिसकन हसलं. दाजींनी मागे वळून डोळे वटारले.

"जमिनीतून झिरपलेलं पेट्रोल नळीत खाली, पाण्याच्या पातळीला शिरतं," गुरुदत्त म्हणाला. "वरची नळी कोरडी राहते. गॅरेजजवळची तोंडापर्यंत बरबटली आहे. तिच्यात कोणीतरी वरून पेट्रोल ओतलंय."

"मंग बुधाजीनंच!"

"स्वतःच्या दारात? स्वतःला अडकवायला?"

"कमळाबाई, नळीला फक्त हळदकुंकूच लावलं होतं?"

"दुसरं काय लावतात?"

"तिथे आता दोन्ही नाहीत. ओतताना पेट्रोल सांडलं, हळदकुंकू ओघळलं. नळी उघडल्याचं कळू नये म्हणून ओतणाऱ्याने ती पुसून टिळा लावला. घाईत हाताला लागलं त्याचाच."

त्याने तसबिरीपुढची वाटी उचलून टेबलावर ठेवली. केशरी अष्टगंध. सगळ्यांचे डोळे एकदमच स्वानंदच्या कपाळाकडे गेले.

स्वानंदचा हात टिळा पुसायला वर गेला आणि तिथेच थांबला. दार अजून अडवलेलंच होतं. आता ते त्याच्यासाठी होतं.

"टाकी गळतेय हे पंपाजवळच्या नळीने दाखवलंच होतं," गुरुदत्त म्हणाला. "वरच्या बाजूलाही पेट्रोल सापडलं, की दोष गॅरेजचा."

"पंप बंद झाला असता, साहेब," स्वानंद पुटपुटला. "खांदा कॉलनीत नुकतं बिऱ्हाड थाटलंय."

"आनि आमचं?" कमळाबाईने विचारलं.

दाजी चढावर गेले आणि त्यांनी स्वतः शेडची कडी काढली.

संध्याकाळपर्यंत गुरुदत्त गॅरेजजवळच्या नळीतून ओतलेलं पेट्रोल उपसत होता. पंपाजवळच्या नळीचं काम महिनोन्‌महिने चालणार होतं. कमळाबाईने पदराने तो केशरी टिळा घासून काढला.

"हळदकुंकू लावायचं ना?" त्याने विचारलं.

"आदी हिला सोच्छ करा," ती म्हणाली. "मंग लावीन."