सात नंबरचा खांब

तो दिवा राहू दे ऋजुता, घालवू नकोस. अंधार केला म्हणून काही गोष्ट जास्त खरी होत नाही. आणि ही गोष्ट नाहीच मुळी, माझ्या ओळखीच्या माणसाच्या बाबतीत घडलेलं आहे. मला भुताखेतांवर विश्वास ठेवणारा म्हातारा समजू नका. चौतीस वर्षं साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात लोकांना भूल देत होतो मी. माणूस कुठवर ऐकतो आणि कधी ऐकायचा थांबतो, हे मला विचारा.

तर, सुश्रुत. तुमच्यासारखाच. पुण्याचा, ब्रॅकनेलला सॉफ्टवेअरमध्ये, राहायला इथे रीडिंगला. बायको चैत्राली आणि मुलगी इरावती, सात वर्षांची. तारीख सांगतो. सहा डिसेंबर दोन हजार चार, सोमवार. मंगळवारी संध्याकाळचं विमान होतं आणि गुरुवारी पुण्यात वडिलांचं वर्षश्राद्ध. सुश्रुतनं सोमवारी रजा टाकलेली. दुपारी तीनला बॅगा भरताना चैत्राली म्हणाली, "पासपोर्ट दे रे इकडे, सगळे एकत्र ठेवते."

दोन मिळाले. त्याचा मिळेना. ड्रॉवर झाले, लॅपटॉपची बॅग झाली, गाडी झाली. शेवटी चैत्रालीनं इरावतीचा कोट झटकला, तर आतून एक काळा हँडसेट पडला. जुन्या मोबाइलसारखा, नंबरची बटणं, गळ्यात अडकवायला पट्टा. तो बघितला आणि सुश्रुतनं कपाळावर हात मारून घेतला.

झालं होतं असं. शाळेत इरावतीला 'द रोमन्स' होतं. इथे सगळ्यांच्याच पोरांना असतं. म्हणून आदल्या दिवशी, रविवारी, तिघं इथून अर्ध्या तासावरचे रोमन अवशेष बघायला गेली होती. नाव सांगत नाही, उद्या गाडी काढून निघाल तुम्ही. काही नाही हो तिथे. गवत, मेंढ्या, कमरेएवढी भिंत आणि ठिकठिकाणी नंबर घातलेले लाकडी खांब. गाइड नाही. हँडसेट कानाला लावायचा, खांबावरचा नंबर दाबायचा, की एक भारदस्त इंग्रज आवाज माहिती सांगतो. हँडसेट घेताना ओळखपत्र ठेवून घेतात. याचं लायसन्स घरी राहिलं होतं, पासपोर्ट तेवढा तिकिटांच्या कामासाठी खिशात होता, म्हणून यानं तो काढून दिला. निघताना इरावती पेंगुळलेली, पाऊस भुरभुरतोय, काउंटरवर ही गर्दी. यानं दोन हँडसेट टेबलावर ठेवले आणि पोरीला उचलून चालता झाला. तिसरा तिच्या कोटात.

"पासपोर्ट ठेवून येतं का रे कोणी?" चैत्राली म्हणाली. "तुझं लक्ष तरी कुठे होतं?"

लक्ष कुठे होतं ते त्याला माहीत होतं. सात नंबरच्या खांबाशी.

तिथे एक थडगं आहे. रोमन लोकांची रीत अशी, की पुरलेल्या माणसाच्या तोंडापासून वर जमिनीपर्यंत शिशाची नळी बसवायची. मग घरचे लोक सणावाराला यायचे आणि त्या नळीतून पाणी ओतायचे, वाइन ओतायचे. गेलेल्याला तहान लागते म्हणून. हँडसेटमधल्या साहेबानं हे सगळं छान शांतपणे सांगितलं. इरावतीनं तिच्या मोडक्या मराठीत विचारलं, "बाबा, मेलेला माणूसला तहान लागते?"

"नाही गं. असलं काही नसतं."

ती हँडसेट कानाला लावून तिथेच उभी राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "बाबा, माझी फोनमध्ये कोणीतरी मराठी बोलतोय."

सुश्रुत हसला आणि तिला ओढून पुढे घेऊन गेला. पण लक्ष उडालं ते उडालंच.

आता मधली गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्याचे वडील, मुरलीधरराव, सगळे अप्पा म्हणायचे, ते आदल्या वर्षी नोव्हेंबरात गेले. मध्ये अधिक महिना आला, म्हणून तिथीनं वर्षश्राद्ध डिसेंबरात. आठ दिवस अंथरुणावर होते. बहीण अलका रोज फोन करायची. अप्पा पाणी घेत नाहीत रे. चमचा लावला की ओठ मिटून घेतात. सुश्रुतच्या हातनं पाजा म्हणतात. तू ये. आणि हा सांगायचा, "अलकाताई, मी काय करू? पासपोर्ट होम ऑफिसात अडकलाय. व्हिसा वाढवायला दिलाय. परत मागितला तर अर्जच रद्द होतो."

खरं आहे ते. तसंच असतं. आपल्यातल्या किती जणांचे आईबाप या एका वाक्यावर गेले असतील, मोजायला बसू नये. पण त्याचा पासपोर्ट अडकलेला नव्हता. पंधरा दिवस आधीच आला होता, व्हिसा लागून, पोस्टानं. ड्रॉवरमध्ये होता.

मग गेला का नाही? अरे, काय सांगू! प्रोजेक्टचं गो-लाइव्ह होतं, नवी सिस्टीम चालू व्हायची होती. त्याच्या गोऱ्या मॅनेजरनं स्वतःहून विचारलं होतं, तुला जायला हवं का? तर हाच म्हणाला, नो नो, इट्स अंडर कंट्रोल. परमनंट व्हायचं होतं ना! आणि अप्पा याआधी दोनदा सीरियस होऊन उठून बसले होते. याला वाटलं, तिसऱ्यांदाही बसतील. एवढंच. राक्षस नव्हता तो. तुमच्याआमच्यासारखाच होता, आणि म्हणूनच मला त्याचा राग येतो.

असो. त्यानं त्या अवशेषांच्या ठिकाणी फोन लावला. तिकडच्या बाईंनी सांगितलं, पासपोर्ट आहे, पाकिटात घालून ठेवलाय. मात्र आज या. आज चारला बंद झालं की आम्ही एकदम फेब्रुवारीत उघडतो. गाडी काढली. ट्रॅफिक लागलं. पोचला तेव्हा सव्वाचार झाले होते. डिसेंबरातले सव्वाचार म्हणजे काय, तुम्हाला सांगायला नको. वाट तेवढी दिसत होती.

तिकिटाची लाकडी खोली बंद. दारावर चिठ्ठी : 'शेवटची फेरी मारायला गेले आहे. भिंतीच्या वाटेनं या, भेटेन.' हातात पाण्याची अर्धी बाटली, गाडीत पीत पीत आला होता ती. गळ्यात हँडसेट. निघाला.

एक नंबर. दोन नंबर. बाईंचा टॉर्च कुठे दिसेना. मेंढ्याही कुठे गेल्या होत्या कोण जाणे. गवत भिजून बूट जड झालेले. त्यानं एक-दोन हाका मारल्या. "हॅलो?... हॅलो?" चार नंबरपाशी छातीवर काहीतरी थरथरलं. हँडसेट. छोटा हिरवा दिवा लागला होता.

त्याला वाटलं, बटण दाबलं गेलं असेल. बंद केला. पाच नंबर. सहा नंबर. परत दिवा लागला.

यानं कानाला लावला. माणूस लावतोच.

तोच भारदस्त इंग्रज आवाज. नंबर सात. इथे, तुमच्या पायाशी, एक नळी दिसेल. घरची माणसं तिच्यातून... आणि तिथे तो साहेब थांबला. वाक्याच्या मध्येच. मग नुसतीच खरखर. मागे कुठेतरी प्रेशर कुकरची शिट्टी. रिक्षाचा हॉर्न.

आणि मग चमचा. स्टीलच्या वाटीत ढवळला जाणारा चमचा.

"अप्पा, घ्या ना. एक घोट."

अलकाताईचा आवाज.

चमचा परत वाटीला लागला.

"अप्पा..."

"सुश्रुत आला का?"

"त्याचा पासपोर्ट अडकलाय, अप्पा. तिकडच्या ऑफिसात."

चमचा थांबला. कुकर थांबला.

"बरं," अप्पा म्हणाले. "मग थांबतो मी."

एवढंच. राग नाही, तक्रार नाही. बसस्टॉपवर उभा असलेला माणूस म्हणेल तसं. थांबतो मी.

सुश्रुतनं खाली बघितलं. तो सात नंबरपाशी उभा होता. नळीचं काळं तोंड गवतातून वर आलेलं. रविवारी त्यावर जाळी होती. आत्ता नव्हती.

मला सांगताना तो म्हणाला, "काका, मी इंजिनियर आहे हो." म्हटलं, असशील, पुढे बोल. पुढे काय... त्यानं बाटलीचं झाकण काढलं. गुडघ्यावर बसला. चिखलात. आणि नळीत पाणी ओतलं.

पाणी खाली गेल्याचा आवाज यायला हवा ना? नाही आला. हँडसेटमधून आला. घोट घेतल्याचा. एक... दोन... घाईघाईनं. कित्येक दिवसांचा तहानलेला माणूस पितो तसा. मी भूलतज्ज्ञ. शेवटी शेवटी पेशंटला तहान लागत नाही, असं मी नातेवाइकांना सांगायचो. कितीजणांना सांगितलं असेल.

बाटली संपली.

"अजून," अप्पा म्हणाले.

बाटली संपली होती.

"अजून थोडं, बाळा."

"अप्पा... नाहीये. संपलं. अप्पा, मी खोटं..."

हिरवा दिवा गेला.

तो धावत सुटला. दोनदा पडला. खोलीपाशी आला तर आत उजेड. साठीतल्या एक बाई, अंगात रेनकोट, गंभीर चेहऱ्यानं टेबल आवरत होत्या. त्याच्या चिखलाकडे बघून म्हणाल्या, "ओ डिअर. आपली चुकामूक झाली वाटतं." हँडसेट घेतला, कुलपातलं पाकीट काढून दिलं. चिकटवलेलं, त्यावर याचं नाव. यानं ते तसंच खिशात घातलं. घरी चैत्रालीला काही बोलला नाही. पाकीट हँडबॅगेत टाकलं. विमानतळावरच फोडलं. काउंटरवरच्या मुलीनं फोटोचं पान बघितलं आणि पासपोर्ट परत केला.

गुरुवारी पुण्यात श्राद्ध झालं. पिंड झाले, गुरुजी जेवून गेले. संध्याकाळी अलकाताई म्हणाली, "तुझा पासपोर्ट दे रे जरा." अप्पांच्या फोटोपुढे ठेवायचा होता तिला. म्हणाली, "बघू तरी कसलं पुस्तक आहे ते. याच्यापायी अप्पा तसेच गेले."

व्हिसावर तारीख असते. अप्पा जायच्या पंधरा दिवस आधीची, ठळक. पण नाही म्हणणार कसा? दिला.

अलकाताईनं पान उलटलं, आणि "अगंबाई!" म्हणून हात मागे घेतला. "हे भिजलंय की रे!"

कव्हर कोरडं. बाकीची पानं कोरडी, कडक. फक्त व्हिसाचं पान चिंब. व्हिसावरचा फोटो दिसतोय, नाव दिसतंय. तारीख तेवढी धुऊन गेली होती.

आता बघा हं, त्याच्यासमोर वेळ होती. खोलीत दोघंच. समोर बापाचा फोटो. एक वाक्य बोलायचं होतं फक्त, तिथे गुडघ्यावर बसून जे तोंडातून निघालं होतं तेच. पासपोर्ट माझ्याकडे होता, ताई. चार शब्द. अलकाताई पदरानं पान टिपत होती, पुन्हा पुन्हा टिपत होती. वाट बघितल्यासारखी.

तो म्हणाला, "पाऊस होता तिकडे. भिजला असेल."

"हो ना," ती म्हणाली. पासपोर्ट फोटोपुढे ठेवला, याच्या पाठीवरून हात फिरवला. "तुझा काय दोष रे. तू तरी काय करणार होतास?"

तेव्हा तो रडला म्हणे. तिला वाटलं, अप्पांच्या आठवणीनं.

भूत वगैरे राहू दे बाजूला, मला इथे भीती वाटते. बापानं मेल्यावरही पोराचं खोटं झाकलं, की उघडं करून बोल म्हणून सांगितलं, ते मला ठरवता येत नाही. त्यालाही आलं नाही.

काय गं ऋजुता? परत येताना? हीथ्रोला ऑफिसरनं पान बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या, कॉम्प्युटरवर तपासलं आणि सोडलं. पुढे नवा पासपोर्ट झाला. तो परमनंटही झाला. घर घेतलं. अलकाताई दर राखीपौर्णिमेला पोस्टानं राखी पाठवते आणि तो फोन करतो. ते वाक्य अजून बोललेला नाही. मी विचारतो दर वेळी.

मागच्या वर्षी, दोन हजार सातच्या डिसेंबरात, तो माझ्याकडे आला होता, तेव्हा त्यानं हे सगळं सांगितलं. मी हसलो. हसणारच. तर त्यानं बॅगेतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला जुना पासपोर्ट काढला. कोपरा कापलेला, रद्द झालेला. तीन वर्षं हीटरवरच्या कपाटात ठेवलाय म्हणाला. रेडिएटरवर ठेवून पाहिला, इस्त्री फिरवून पाहिली.

मी ते पान उघडलं. बोट लावलं.

...

बोट ओलं झालं.