उलट्या फळ्या

टेबलासाठी मी तीन आठवडे वणवण केली, हे आधीच सांगते. पुढचं सगळं मी हौसेनं केलं असं कुणाला वाटायला नको. मी सुतार आहे. गुण्या लावून काटकोन दिसला तरच काटकोन म्हणणारी. माझ्या कामाच्या टेबलाचे पाय धड होते, चौकट धड होती, फक्त वरचं प्लायवूड ओल लागून फुगलं होतं आणि त्याचे पदर सुटत होते. नवं जाड लाकूड खिशाला झेपणारं नव्हतं. जुना दरवाजा आणला, तर त्याला पीळ. ओट्याचा दगड आणला, तर पहिल्याच दिवशी त्यावर पटाशी पडली आणि तिची धार गेली.

"आपलं जेवायचं टेबल ने," नवरा म्हणाला. "आपण खाली बसून जेवू. तेवढीच तुला शांती."

"तू गप्प बस," मी म्हणाले. खरं तर मीही तोच विचार करत होते.

त्याच आठवड्यात आत्याचा हॉल पाडायला घेतला. आत्यानं मला वाढवलं. चाळीस वर्षं ती त्या हॉलमध्ये मुलांना नाच शिकवायची, रोज चार वाजता. पाय घसरू नयेत म्हणून फरशीच्या फळ्यांवर खडूची पूड भुरभुरवायची, मग काठी दोनदा आपटायची, टक टक, की सुरू. मी दाराबाहेरच्या बाकावर बसायचे. माझा डावा पाय जन्मापासून आखूड आहे. उजवा पडतो, डावा घासत येतो. मला कधी कुणी 'चल' म्हटलं नाही. आत्यानंही नाही. मीही विचारलं नाही, कारण मी हट्टी आहे आणि मला नकार आवडत नाहीत.

हॉल पडला आणि आत्या बोलायची थांबली. खिडकीशी बसून राहायची. दोन घास खाल्ले की ताट सरकवायची. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे. ठणठणीत म्हणे, डोंबल! माझ्या डोळ्यांदेखत ती वाळत चालली होती आणि मला काही म्हणजे काही सुचत नव्हतं.

हॉलच्या फळ्या ढिगाऱ्यात पडल्या होत्या. पाडकामवाला म्हणाला, "घेऊन जा बाई, नाहीतर मी चुलीतच घालणार." जुनं, पक्कं, सरळ लाकूड आणि जवळजवळ फुकट. मी आनंदानं उडीच मारली असती, मला येत असती तर.

फळ्या टेबलावर बसवताना मी प्रत्येक सुतार करतो तेच केलं. झिजलेली बाजू खाली, कोरी बाजू वर. रंधा मारला, पातळी लावून पाहिली. बुडबुडा मधोमध येऊन थांबला. तीन आठवड्यांत मी पहिल्यांदा शीळ घातली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता टेबलावरचे स्क्रू हलले.

ट्रक गेला असेल, म्हणून मी बाहेर पाहिलं. रस्ता रिकामा. उंदीर असेल, म्हणून खाली वाकले. उंदीर नव्हता. टेबलाला कान लावला, तर दोन ठोके आले आणि मग पावलं. वीस-पंचवीस जणांची, एका तालात. स्क्रू, खिळे, पेन्सिलीचं टोक, सगळं टुणटुण उडत होतं. आवाज खालच्या बाजूनं येत होता. मी फळ्या उलट्या लावल्या होत्या ना.

सांगायला हरकत नाही, मी घाबरले. पण दोन मिनिटांत मला हसू फुटलं. पेन्सिलीचं टोक असं काही ठुमकत होतं की मला राहवेना. पाच वाजता सगळं थांबलं. विजेरी घेऊन टेबलाखाली गेले. झिजलेल्या बाजूला खडूची पांढरी पूड होती, ताजी, फळ्यांच्या खालच्या अंगाला. ती खाली पडत नव्हती.

पुढचे तीन दिवस तेच झालं. चौथ्या दिवशी मी आत्याला आणायचं ठरवलं.

"त्यांना कशाला त्रास?" नवरा म्हणाला.

"चल म्हणते ना."

आम्ही आत्याला रिक्षातून आणलं आणि टेबलाशी बसवलं. काठी तिच्या मांडीवर होती. तिनं भिंतीकडे तोंड केलं. चार वाजले.

टक टक.

आत्याची काठी मांडीवरच होती. तिचा हात मात्र वर आला आणि टेबलावर पडला.

"माझी काठी," ती म्हणाली. कित्येक दिवसांनी पहिले शब्द. "ही माझीच आहे."

मग ती एकेक पाऊल ओळखायला लागली. ही पोस्टमनची धाकटी, नेहमी घाई. हा दंतवैद्य, लहानपणापासून जड. या जुळ्या, एक चुकली की दुसरी मुद्दाम चुकते. "अरे, खांदे सैल सोडा!" ती टेबलावर ओरडली आणि खदाखदा हसली. नवऱ्यानं डोळे पुसले आणि भुसा गेला म्हणाला. मी रडतच होते, मला कसलाही बहाणा नको होता. आमची आत्या परत आली होती.

मग तिनं बोट वर केलं.

"थांब. ही कोण?"

आम्ही ऐकलं.

"ही नवीन आहे. तालात नाही अजून." तिनं कान फळीला टेकवला. "एक पाऊल पडतंय. दुसरं घासत येतंय."

नवऱ्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. मी स्टुलावर बसले होते. माझे पाय जमिनीलाही टेकले नव्हते.

मी त्या फळ्यांवर आयुष्यात कधी पाय ठेवलेला नाही.

"आत्या," मी म्हणाले, "ती..."

"शिकेल," आत्या म्हणाली. तिनं माझा हात घट्ट धरला, पण ती बघत टेबलाकडेच होती. "मी तिला आधीच बोलवायला हवं होतं. चुकलंच माझं."

त्या संध्याकाळी आत्या पोटभर जेवली. वर अजून वाढ म्हणाली. नवऱ्याचा नाच कसा असेल, याची नक्कल करून तिनं आम्हाला पोट दुखेपर्यंत हसवलं.

सगळं आवरून मी दाराशी बसले आणि बूट काढले. उजव्याचा तळ भुशानं माखलेला, रोजच्यासारखा. डाव्याच्या टोकाला, तो जिथे घासतो तिथे, खडूची पूड होती.

आतून आत्याचा आवाज आला. "उद्या जरा वेळेवर ये गं. आज तू मागे राहत होतीस."