माणूस नावाचा कुत्रा

मालिनेओ माझी थोरली जाऊ. तिने आयुष्यात एकदाच खोटं सांगितलं. तेही दाराबाहेर उभ्या असलेल्याला.

म्हणून तिने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं खरं मानते. तुम्ही मानू नका, माझं काही म्हणणं नाही. फक्त आमच्या गावात येऊन हसू नका. मोखोत्लोंग शहराच्या वर डोंगरात रस्ता संपतो, तिथून पुढे घोड्यावरून यावं लागतं, ते आमचं गाव. बर्फ पडायला लागला की आजही तिथे बायका पोरांना नावाने हाक मारत नाहीत.

आणि हो, ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे. गेल्या वर्षीच्या जुलैमधली. आमच्या डोंगरात जुलै म्हणजे ऐन थंडी.

मालिनेओ म्हणजे लिनेओची आई. आमच्यात बाईला पहिल्या मुलाच्या नावावरून हाक मारतात. लिनेओ नुकती चालायला लागली होती, तेव्हा गेली. तिच्या पाठचा मुलगा बाळसंही न धरता गेला. पण आईचं नाव थोडंच बदलतं? कोणीही हाक मारली की तिला आधी मेलेल्या लेकीचं नाव ऐकू यायचं.

तिसरा मुलगा झाला, तेव्हा आमच्या सासूबाईंनी बाळाकडे बघून नाक मुरडलं. मुद्दाम दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "शी! हे काय कुत्रं जन्माला घातलंस?"

नाव ठेवलं न्चा.

न्चा म्हणजे कुत्रा.

लागोपाठ मुलं गेली की आमच्यात असंच करतात. ज्याला या घरातली पोरं न्यायची चटक लागलीय, तो पुन्हा दाराशी आलाच, तर त्याला वाटावं की इथे माणसाचं मूल नाहीच. मग पोराचं कौतुक करायचं नाही, गोड नावाने बोलवायचं नाही. एवढीच युक्ती. दुसरं काय असतं आपल्या हातात?

मोहाऊ, म्हणजे मालिनेओचा नवरा, माझा थोरला दीर. महा थट्टेखोर माणूस. त्याने त्याच वर्षी एक पिवळं पिल्लू आणलं आणि त्याचं नाव ठेवलं मोथो.

मोथो म्हणजे माणूस.

"पोरगा कुत्रा झाला. मग घरात एक तरी माणूस नको का?" तो म्हणायचा.

गाव पोट धरधरून हसलं. खालच्या वस्तीतले म्हातारे सेखोबे, आम्ही त्यांना आदराने न्ताते, म्हणजे बाबा, म्हणतो, ते येता-जाता टोमणा मारायचे, "काय रे मोहाऊ, तुझा माणूस काल रात्रभर भुंकत होता. आणि तुझ्या कुत्र्याने माझ्या झाडाचे पीच चोरले!"

न्चा सहा वर्षांचा झाला. टिकला. आम्हाला वाटलं, युक्ती लागू पडली.

त्या जुलैत मोहाऊ वरच्या चराईवरून मेंढ्या खाली आणायला निघाला. मोथोच्या पंजात काटा गेला होता, म्हणून त्याला घरी ठेवलं.

"उद्या संध्याकाळपर्यंत येतो," मोहाऊ म्हणाला. "मोथोला आत घेऊ नकोस. लाडावेल."

"कुठल्या मोथोला? तुमच्या त्या शेपटीवाल्याला का? तो तर आत्ताच चुलीपाशी पसरलाय."

"मग कुत्र्याला बाहेर झोपव."

"चला, निघा आता!" ती हसत म्हणाली.

तिचं आणि त्याचं एवढंच शेवटचं बोलणं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बर्फ सुरू झाला. साधासुधा नाही. समोरची भिंत दिसेना. मालिनेओला मात्र काळजी वाटली नाही. वर दगडी खोपट आहे, सोबतीला मेंढपाळ आहेत, आभाळ बघून नवरा तिथेच थांबला असेल, असं तिने धरलं. कोणीही असंच धरलं असतं.

फक्त मोथो...

मोथो त्या संध्याकाळी दाराशी गेला आणि कण्हायला लागला.

दार ओरबाडायचा. मागे वळून तिच्याकडे बघायचा. पुन्हा ओरबाडायचा.

"गप रे! या बर्फात कुठे निघालास? तुझा पंजा तरी बघ," ती ओरडली.

तो गप्प होईना. शेवटी तिने त्याला मानेला धरून चुलीपाशी आणून बांधला. दाराच्या फटींतून वारा येत होता, म्हणून फटींत पोती कोंबली. चांगली घट्ट कोंबली.

मग घर उबदार झालं. बाहेरचा कसलाच आवाज येईनासा झाला.

त्यानंतर बर्फ थांबायचं नावच घेईना. आणि मालिनेओ सांगते... ते दिवस फार सुखाचे होते. हे सांगताना ती रडते, पण सांगते. कोपऱ्यात गोवऱ्यांची चळत लागलेली. तीन पायांच्या भांड्यात पापा, मक्याच्या पिठाची घट्ट पेज, रटरटतोय. निखाऱ्यांवर मका तडतडतोय. शेतात जायचं नाही, पाण्याला जायचं नाही. पाणी हवं तर दार किलकिलं करून बर्फच भांड्यात ओढायचा. आणि एका ब्लँकेटखाली ते तिघं. मोथोला तिने सोडला होता. तो दिवसभर न्चाच्या पायांवर तोंड ठेवून पडायचा. डोळे मात्र दाराकडे.

त्या दुपारी न्चाने खेळ काढला. मोथोला बापाचं जुनं ब्लँकेट पांघरलं, डोक्यावर बापाची टोपी चढवली. आईला तो 'मे' म्हणायचा.

"मे, हे बघ, हे न्ताते मोथो. आणि मी त्यांचा कुत्रा. भू! भू!"

"न्ताते मोथो, जेवायला काय वाढू?" तिने हात जोडून विचारलं.

"ते म्हणतायत मका द्या. आणि कुत्र्यालाही द्या. कुत्र्याला जास्त द्या!"

मालिनेओ इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. लिनेओ गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. तिने न्चाला ओढून छातीशी धरलं. त्याच्या केसांना धुराचा वास येत होता.

तिच्या मनात त्या पोराचं एक नाव होतं. तो जन्मला त्या दिवसापासूनचं. ते तिने कधी ओठांवर आणलं नव्हतं. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सासूला तर नाहीच नाही.

चहूकडे बर्फ. फटींत पोती. ऐकायला कोण होतं?

"माझं लेहाक्वे," ती त्याच्या कानात म्हणाली. "माझं रत्न."

तोंडातून शब्द निसटला तो निसटलाच.

आणि बाहेरचा वारा थांबला.

एकदम.

इतके दिवस चाललेली घोंघों जणू कोणी हाताने दाबून बंद केली. इतकी शांतता झाली की चुलीतल्या राखेचं खसणं ऐकू यायला लागलं.

मग...

ठप्. ठप्. ठप्.

मोथोची शेपटी. ब्लँकेटखालून जमिनीवर आपटत होती. तो दाराकडे बघत होता आणि शेपटी हलवत होता.

बाहेर कोणीतरी पाय झटकले. गमबुटांवरचा बर्फ झाडावा तसे. आधी उजवा, मग डावा, मग पुन्हा उजवा. मोहाऊची सवय.

"को-को!"

आमच्यात दार वाजवत नाहीत. बाहेर उभं राहून "को-को" म्हणायचं. आतून "केना" आलं, म्हणजे "ये आत" असं कोणी म्हटलं, की मगच पाऊल टाकायचं.

आवाज मोहाऊचाच होता. मालिनेओचा जीव भांड्यात पडला. ती उठली, अंगावरच्या ब्लँकेटला हात पुसले, दाराकडे धावली. पोतं उपसायला हात घातला.

तेवढ्यात बाहेरून तोच आवाज, अगदी लाडात येऊन म्हणाला...

"लेहाक्वे, आईला सांग ना दार उघडायला."

तिने पोत्यावरचा हात मागे ओढला.

ते नाव मोहाऊला माहीत नव्हतं. ते नाव जगात पहिल्यांदा उच्चारून घटका झाली नव्हती.

"मे, बाबा आले!" न्चा ओरडला. "के..."

तिने झडप घालून त्याचं तोंड दाबलं.

मोथो मात्र दाराशी जाऊन नाचत होता. अंग वाकडंतिकडं करत, कुईकुई करत. मालक आल्यावर करायचा तसाच. परक्याची चाहूल लागली तरी अंगावर धावून जाणारा तो कुत्रा. कोणावर विश्वास ठेवायचा? कुत्र्यावर की त्या नावावर?

"बाहेर फार थंडी आहे गं," आवाज म्हणाला. "लेहाक्वेला पाठव."

तिने पोराला घट्ट आवळलं. दोन गेली होती. तिसरं हातात होतं. मग तिने आयुष्यातलं ते एकमेव खोटं सांगितलं.

"इथे कोणी लेहाक्वे नाही. इथे फक्त न्चा आहे."



मोथोची शेपटी तेवढी हलत होती.

मग आवाज म्हणाला, "बरं... मग न्चाला दे."

मालिनेओ मला म्हणाली, "त्या क्षणी मला वाटलं, देवानेच वाट दाखवली. कुत्रा मागतोय ना? घे कुत्रा."

तिने एका हाताने पोराचे डोळे झाकले, स्वतःचे मिटले. पोती उपसली. दार आत ओढलं. कमरेइतका बर्फ भिंतीसारखा उभा होता. ती म्हणाली, "हा घे न्चा." मोथोला ढकलायचीही गरज पडली नाही. त्याने त्या भिंतीवरून आनंदाने उडी मारली.

तिने दार लावलं.

भुंकणं नाही. पावलं नाहीत. काहीच नाही. मग वारा पुन्हा सुरू झाला.

"मे, तू मोथोला का दिलंस?" न्चा रडत विचारत राहिला. तिने पोती पुन्हा फटींत कोंबली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. आम्ही खालच्या वस्तीतली माणसं फावडी घेऊन वर गेलो. मीही होते. तिच्या दारापुढचा बर्फ मी या डोळ्यांनी पाहिला. कुत्र्याने उडी मारून जिथे अंग टाकलं तिथे एक खड्डा होता. त्यापुढे एकही पाऊल नाही. माणसाचंही नाही, कुत्र्याचंही नाही. मोथो आजतागायत सापडला नाही.

मोहाऊ सापडला.

घराच्या वरच्या अंगाला मेंढ्या कोंडायचं दगडी वाडगं आहे. हाक मारली तर घरात ऐकू यावी इतकंच लांब. तो त्याच्या भिंतीला टेकून बसला होता. मेंढ्या त्याला बिलगून मेलेल्या. एक पाय मोडलेला. तोंड घराकडे.

न्ताते सेखोबेंनी त्याला उचलायला मदत केली आणि मग खालच्या जमिनीवर हात फिरवला. जमीन कोरडी होती. त्याच्या खाली बर्फाचा कणही नव्हता.

"हा बर्फाच्या पहिल्याच संध्याकाळी इथे पोचला होता," म्हातारा म्हणाला आणि त्याला रडू फुटलं.

पहिली संध्याकाळ. मोथो दार ओरबाडत होता ती संध्याकाळ. मोहाऊने हाका मारल्या असतील. किती मारल्या असतील कोण जाणे. आणि आत ती फटींत पोती कोंबत होती.

हे तिला कोणी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजच नव्हती. ती वाडग्यापाशी बसली आणि आपल्या हातांकडे बघत राहिली.

ती नंतर मला एकच गोष्ट विचारायची, "अगं, दाराशी तेच आले असतील तर? मेल्यावरही आपल्याच घराच्या दारात उभे असतील, आणि ते नाव बाहेरून ऐकलं असेल, तर?"

"पण मग त्यांनी पोराला का मागितलं?" मी म्हणायचे.



या वर्षी थंडी सुरू झाल्यावर मी तिला आणि न्चाला माझ्या घरी आणून ठेवलं. माझा नवरा खाणीवर असतो. तीन जीव एकत्र असलेले बरे. काल सकाळपासून बर्फ पडतोय. मी चूल पेटवली, मका भाजला. फटींत काही कोंबलं नाही. कोणी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून.

ऐकू आली.

आज दुपारी. वारा थांबला, आणि कोणीतरी पाय झटकले. उजवा, डावा, उजवा.

"को-को!"

मी माझ्या दिराचा आवाज ओळखते. तो चिडलेला नव्हता. थकलेला होता.

"मालिनेओ, मी न्चा मागितला होता. तू मोथो दिलास."

आणि दाराच्या पलीकडे, अगदी खाली, उंबऱ्याशी...

ठप्. ठप्. ठप्.

"मोथो आलाय!" न्चा आनंदाने उठला. आम्ही दोघींनी त्याला धरलं. सात वर्षांचं पोर, पण दोघींना आवरेना. बऱ्याच वेळाने बाहेरचा आवाज थांबला. तो गेला की तिथेच बसलाय, ते बघायला दार उघडायची माझी हिंमत नाही.

मी हे सांगतेय आणि मालिनेओ पोराला मांडीवर घेऊन दाराकडे बघत बसलीय. लेहाक्वे इथे नाही, असं तिचं एकदा सांगून झालं. न्चा तर त्याला ठाऊकच आहे.

बर्फ अजून पडतोय. आणि आता त्याला सांगायला आमच्याकडे तिसरं नाव नाही.